कार्ल लँडस्टायनर : रक्तगट शोधणारा माणूस



जूनमध्ये मुलांची माहितीपत्रकं भरून घेताना रक्तगटाचा रकाना येतो. एकदा तो भरताना एका आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तिचा गट ए, मुलाच्या वडिलांचा बी, मग मुलाचा ओ कसा? घरात यावरून चेष्टा चालली होती आणि ती तिला लागली होती. असं होऊ शकतं, एवढंच मी तेव्हा घाईत सांगितलं. नीट उत्तर द्यायचं तर गोष्ट लँडस्टायनरपासून सांगावी लागते.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, ऑस्ट्रियातला. हाच दिवस आज जागतिक रक्तदाता दिन आहे. वडील पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचा असताना ते वारले आणि आईनेच त्याला वाढवलं. १८९१ मध्ये व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटायचं सोडून हा गडी रसायनशास्त्र शिकायला गेला. पुढे शवविच्छेदनाच्या विभागात दहा वर्षं काढली.

त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं की कधी रोगी वाचायचा, कधी दगावायचा. लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. एकाच्या रक्तातला पातळ द्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिला. काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत नाही. हा आजाराचा परिणाम नसून निरोगी माणसांतलाच फरक आहे, हे त्यांनी १९०१ मध्ये मांडलं. त्यांनी तीन गट सांगितले. चौथा, एबी, पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

आपल्याला रक्तगट म्हटलं की रक्तदान आठवतं. पण वाळलेल्या डागातूनही हा फरक ओळखता येईल आणि तो गुन्ह्याच्या तपासात कामी येईल, हे त्यांनी तेव्हाच हेरलं होतं. १९०३ मध्ये मॅक्स रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी त्यावर लिहिलंही. अर्थात याची मर्यादा मोठी आहे. डाग बी गटाचा आणि संशयित ए गटाचा, तर डाग त्याचा नाही. पण दोघंही बी असतील तर? तेवढ्यावरून तोच गुन्हेगार म्हणता येत नाही, कारण बी गटाचे लोक गावात कितीतरी असतात.

किती असतात, हे प्रदेशावर ठरतं. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हान्ना हिर्झफेल्ड या डॉक्टर दांपत्याने ग्रीसमधल्या सालोनिका इथे निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचं रक्त तपासलं. त्यात भारतीय सैनिकही होते. बी गट युरोपीय सैनिकांत कमी आणि भारतीयांत बराच जास्त निघाला. म्हणजे एकाच डागाचं वजन लंडनमध्ये वेगळं, पुण्यात वेगळं! आज डीएनए तपासणीतही प्रत्येक प्रदेशाच्या लोकांची आकडेवारी लागते ती याचसाठी.

युद्धानंतर व्हिएन्नात फार हाल झाले. लँडस्टायनर आधी हॉलंडला आणि मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. तिथे १९२७ मध्ये त्यांनी फिलिप लेव्हिन यांच्यासोबत एम, एन आणि पी ही रक्तातली आणखी लक्षणं शोधली. समजा, एक लक्षण १०० पैकी २५ जणांत आणि दुसरं, त्याच्याशी संबंध नसलेलं, ५० जणांत आहे. दोन्ही एकत्र असणारे साधारण १२-१३ च उरतात. सहावी-सातवीची मुलं हा गुणाकार सहज करतात, करून बघा.

१९३० मध्ये नोबेल मिळालं, तरी प्रसिद्धीचा त्यांना कंटाळाच. १९४० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अलेक्झांडर वीनर यांच्याबरोबर त्यांनी आर-एच घटक जाहीर केला. आपल्या गटापुढे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लागतं ते त्याचंच. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ तारखेला ते गेले.

आता त्या आईचा प्रश्न. प्रत्येकाला गटाचे दोन अंश मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ए गटाच्या माणसात ओ लपलेला असू शकतो, बी गटाच्या माणसातही. दोघांकडून ओ आला की मूल ओ. उलट एका पालकाचा गट ओ असेल तर मूल एबी होत नाही, असं पुस्तकात असतं. पण १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले, ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसतं आणि तरी ते मुलाला ए किंवा बी देऊ शकतात. त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. जगात तो अतिशय दुर्मीळ, आपल्याकडे त्या मानाने जास्त. युरोपातल्या आकड्यांवर विसंबून आपल्याकडच्या एखाद्या घरात संशय घेतला असता, तर एखाद्या निर्दोष बाईवर आळ आला असता.

त्या मुलाच्या रकान्यात मी ओ लिहिलं आणि पालकसभेला वडिलांना बोलावून फळ्यावर चार चौकटी काढून दाखवल्या.