५० पौंडांचा कॅमेरा : खिशात थोडेच पैसे असताना दादासाहेब फाळक्यांनी तो कसा निवडला?

बहिणाबाईंचं असोदा घ्या, नाहीतर धुळ्याकडचं कुठलंही गाव घ्या. खानदेशात आज अहिराणी गाणी आणि कॉमेडीचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांची काही कमी नाही. स्टोरी तयार असते, कलाकार म्हणून मित्र असतात, शूटिंगला शेत असतं. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर. बजेट एवढंसं, त्यात एचडी व्हिडिओ निघेल असा कॅमेरा कोणता घ्यायचा?

हाच प्रश्न शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाला पडला होता. फरक इतकाच, की त्याला कॅमेऱ्याचा रिव्ह्यू सांगणारं कोणी नव्हतं आणि पैसे होते ते विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून आणलेले. कॅमेरा चुकीचा निघाला असता तर दुसरा घ्यायची सोय नव्हती.

हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब तिकडे गेलं. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं जे जे मिळेल ते शिकून घेतलं.

शिक्षण झालं, पण धंदा काही एका जागी टिकेना. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला, तर प्लेगच्या साथीत बायको आणि मूल दोघंही गेले. बडोद्यात पुन्हा फोटोग्राफी सुरू केली, तर फोटो काढल्यानं माणसाचं आयुष्य घटतं अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक तुटलं. मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी झाली. ती सोडून छपाईचा धंदा केला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. धंदा चांगला चालला होता, पण भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले.

वय चाळिशीच्या पुढे गेलेलं. हातात काम नाही. घरात दुसरी पत्नी सरस्वतीबाई आणि मुलं. अशा वेळी १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत गिरगावात तंबूतल्या थिएटरमध्ये येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, पण फाळक्यांना तिथे राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या देवांचे चित्रपट आपण का करू नयेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आता भारतात त्याआधी कोणाकडे चित्रपटाचा कॅमेराच नव्हता, असं नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादांनी लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला होता आणि १८९९ मध्ये मुंबईतल्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली होती. पण समोर घडणारी घटना टिपणं वेगळं आणि पूर्ण गोष्ट रचून चित्रपट करणं वेगळं. त्यासाठी लागणारी सगळी यंत्रं आणि माहिती एका ठिकाणी मिळेल, अशी जागा इथे नव्हती.

मग फाळक्यांनी काय केलं? लगेच कॅमेरा घेतला नाही. आधी एक छोटं, स्वस्तातलं यंत्र आणि थोडी रिळं आणली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून ते रात्री घरच्या भिंतीवर चित्रं दाखवायचे. शिवाय रोज चार-पाच तास चित्रपट बघणं चालूच होतं. चित्र हलतं कसं, तुकडे जोडतात कसे, हे ते बघून बघून शिकत होते. झोप नाही, डोळ्यांवर सतत ताण. शेवटी नजरच गेली. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, वेगवेगळे चष्मे दिले, तेव्हा कुठे हळूहळू दिसायला लागलं.

कॅमेरा घेण्याआधीच या माणसाने डोळे पणाला लावले होते.

पुढचा अडथळा पैशाचा होता. नातेवाईक आणि मित्रांना हे सगळं वेड वाटत होतं. फाळक्यांनी १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनच्या बोटीत बसले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. पण चित्रपटांवरचं ‘बायोस्कोप’ हे साप्ताहिक ते मुंबईत मागवून वाचत असत. त्याच कार्यालयात ते शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच करून पाहिलं. इंग्लंडमध्ये चित्रपट काढणारे कितीतरी लोक बुडाले होते, त्यात हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा चालेल का, अशी त्यांना शंका होती. पण समोरचा माणूस तयारी करून आलाय, हे त्यांच्या लक्षात आलं. मग कॅबोर्न यांनी कोणतं सामान घ्यावं ते सांगितलंच, शिवाय सेसिल हेपवर्थ या नावाजलेल्या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन इथला आपला स्टुडिओ फाळक्यांना आतून दाखवला. शूटिंग, ट्रिक सीन, फिल्म धुणं, सगळं त्यांना जवळून पाहता आलं.

या सगळ्यानंतर फाळक्यांनी कॅमेऱ्याची ऑर्डर दिली. कॅमेरा होता विल्यमसन कंपनीचा आणि किंमत ५० पौंड.

त्या काळी एक पौंड म्हणजे १५ रुपये. म्हणजे कॅमेरा पडला ७५० रुपयांना. उभ्या केलेल्या १०,००० रुपयांच्या मानाने ही रक्कम दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरते! ज्या माणसाने पॉलिसी गहाण ठेवल्या, त्याने सगळा पैसा कॅमेऱ्यात घातला नाही, तो याच हिशोबामुळे.

कारण खरा खर्च कॅमेऱ्याच्या पुढे सुरू होतो. विल्यमसनचा कॅमेरा म्हणजे हाताने हँडल फिरवायची लाकडी पेटी. तेव्हाच्या वेगाने हँडल फिरवलं की सेकंदाला साधारण १६ चित्रं उमटायची आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात चित्रंही १६च मावतात. म्हणजे हँडल फिरतंय तोवर दर सेकंदाला एक फूट फिल्म संपणार. मेमरी कार्डासारखं पुसून पुन्हा वापरायची सोय नाही. सीन फसला की तेवढी फिल्म वाया.

म्हणून फाळक्यांनी कॅमेऱ्याबरोबर कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि आणखी एक यंत्र घेतलं, परफोरेटर. हे नाव फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही, पण त्याच्याशिवाय कॅमेरा निव्वळ पेटीच राहिला असता. कच्ची फिल्म कोरी यायची. कॅमेऱ्यातल्या दात्यांनी ती पुढे सरकावी म्हणून दोन्ही काठांना बारीक भोकं पाडावी लागत. एका चित्रामागे एका काठाला ४ भोकं, म्हणजे एका फुटाला ६४. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा झाला. नुसता तेवढ्याचा हिशोब केला तरी एका काठाला २,३६,८०० भोकं!

आणि हे काम उजेडात करता येत नव्हतं, कारण फिल्म खराब झाली असती. घरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून परफोरेटर चालवायच्या सरस्वतीबाई. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असायचा. दिवसा युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाक, पोरांचं बघणं आणि रात्री हे. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आपले दागिनेही दिले. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये या बाईंचं नाव घ्यायला हवं, ते यासाठी.

फाळके १ एप्रिल १९१२ ला मुंबईत परतले. मे महिन्यात सामान आलं. सोबतच्या आकृत्या बघून त्यांनी चार दिवसांत सगळं जोडलं. पण लगेच चित्रपटाला हात घातला नाही. आधी घरच्या माणसांवर आणि शेजारच्या पोरांवर कॅमेरा चालवून पाहिला.

आता कॅमेरा होता, पण चित्रपट काढायला पैसे नव्हते. सावकाराला दाखवायला काहीतरी हवं होतं. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. महिनाभराहून जास्त काळ ते थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. ती चित्रं सलग दाखवली, तेव्हा बघता बघता बी फुटलं, कोंब वर आला आणि वेल झाला. आज मोबाईलवाले ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, तेच हे. नाव होतं ‘अंकुराची वाढ’.

यात हुशारी बघा. कलाकारांना पगार नाही, सेट नाही, प्रवास नाही. फिल्मही अगदी थोडी लागली. पण जे डोळ्यांना कधीच दिसत नाही, ते या पेटीतून दिसतं, हे बघणाऱ्याला पटलं. यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी हे पाहिलं आणि कर्ज द्यायची तयारी दाखवली.

त्यानंतर दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. मोठे दिवे नव्हते, म्हणून सूर्याच्या उजेडात शूटिंग करायचं. बायका कामाला मिळेनात, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदासाचं काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केलं. कॅमेऱ्यामागे उभे होते त्र्यंबक तेलंग. या जुन्या मित्राला फाळक्यांनीच कॅमेरा चालवायला शिकवलं होतं. सहा महिने सत्तावीस दिवसांत काम पुरं झालं. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरमध्ये निवडक लोकांना चित्रपट दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो प्रदर्शित झाला. चित्रपट जोरात चालला.

यशानंतर फाळक्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासूर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ असे चित्रपट आले. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

त्याच काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटर हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवत होते. त्यांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेराच घरी बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ज्याला ५० पौंडही जमत नव्हते, त्याच्यासाठी हाही एक रस्ता होता.

पुढे फाळक्यांचा भागीदारांशी वाद झाला. ते कंपनी सोडून काशीला गेले, नंतर परतले. पण मग बोलपट आला आणि खर्चाचं सगळं गणितच बदललं. मूकपटाच्या जमान्यात एक पेटी, सूर्यप्रकाश आणि घरची माणसं यांवर भागत होतं. आता आवाजाची यंत्रं आणि बंदिस्त स्टुडिओ आला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. १९६९ पासून चित्रपटातल्या सर्वोच्च सरकारी पुरस्काराला त्यांचं नाव आहे.

आज कमी पैशात कॅमेरा घेणाऱ्याला विल्यमसनचा काही उपयोग नाही. फाळक्यांनी पैसा लावण्याचा जो क्रम धरला, तो मात्र आजही जसाच्या तसा चालतो. आधी स्वस्त यंत्रावर शिकायचं. मग जाणकाराला विचारून एकच कामाचा कॅमेरा घ्यायचा. त्यात सगळा खिसा रिकामा न करता पुढच्या सामानाला पैसे ठेवायचे. तेव्हा ती फिल्म आणि परफोरेटर होता, आज माईक, ट्रायपॉड आणि लाइट आहे. आणि मोठ्या शूटिंगला हात घालण्याआधी कुंडीतल्या वाटाण्यासारखं काहीतरी छोटं करून बघायचं.