रमाबाई रानडे : पुस्तक संपतं तिथून पुढची गोष्ट

बेळगावहून हायवेने कोल्हापूर, कऱ्हाड करत वर गेलं की उजव्या हाताला कडेगाव तालुका लागतो. सागरेश्वर अभयारण्याच्या जवळ देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. आपल्याकडे या गावाचं नाव निघालं की लोक यशवंतराव चव्हाणांचं नाव घेतात. बरोबरच आहे, त्यांचा जन्म तिथलाच. पण त्यांच्या पन्नास वर्षं आधी, 25 जानेवारी 1862 रोजी, त्याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली होती. नाव यमुना. पुढे ती रमाबाई रानडे झाली.

रमाबाई आपल्याला माहीत नाहीत असं नाही. काही वर्षांपूर्वी ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागायची, तेव्हा सीमाभागातल्या घराघरांत, अगदी इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतसुद्धा, संध्याकाळी टीव्हीसमोर बायका बसलेल्या असायच्या. लहानगी रमा, तिला शिकवणारे न्यायमूर्ती आणि तिच्या शिकण्यावर चिडणाऱ्या घरातल्या थोरल्या बायका सगळ्यांना पाठ आहेत. ही गोष्ट मुळात रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलेली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक 1910 साली आलं. पण ते पुस्तक 1901 पाशी, न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतं. त्यानंतर बाई तेवीस वर्षं जगल्या, आणि माझ्या मते त्यांचं खरं काम त्याच वर्षांत झालं. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. लिहायला सवड मिळाली नसेल, दुसरं काय.

आधी मागचं थोडक्यात सांगतो. 1873 साली माधवराव रानड्यांची पहिली बायको वारली. रानडे तेव्हा एकतिशीत, विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. लोकांना वाटलं, आता हे स्वतः विधवेशी लग्न करणार. पण वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या यमुनेशी लग्न करून मोकळे झाले. त्यावरून टीका झाली, आणि ती चुकीची होती असं म्हणता येत नाही. लग्न झाल्यावर मात्र त्यांनी लगेच बायकोला अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. नुसतं वाचायला-लिहायला शिकवून ते थांबले नाहीत. घरखर्चाचा जमाखर्च तिने लिहावा, वर्तमानपत्र वाचून दाखवावं, पत्रांना उत्तरं लिहावीत, चार बायकांत उभं राहून बोलावं, अशी एकेक कामं तिच्या अंगावर पडत गेली. नाशिकला बदली झाली तेव्हा बक्षीस समारंभात आभाराचं पहिलं जाहीर भाषण तिने केलं. ते भाषण लिहून दिलं होतं नवऱ्याने. पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करायला गव्हर्नरांसमोर सभा झाली, तिथे तिने इंग्रजीत वाचून दाखवलं. पुढे 1884 मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली. त्या सभेहून घरी आल्यावर सासरच्या बायकांनी जे टोमणे मारले ते मालिकेत सगळ्यांनी पाहिले आहेत. मडमेकडे इंग्रजी शिकून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात शिवायचं नाही, हाही त्याच घरातला नियम.

न्यायमूर्तींची नोकरी फिरतीची. शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा पुणे, सातारा, सोलापूर, नगर अशा जिल्ह्यांत तंबू टाकत हिंडायचं असे. रमाबाई बरोबर असत. साहेब कागद बघत, आणि त्या गावातल्या बायकांना भेटत, मुलींची शाळा असली तर जाऊन बघत. आज समाजकार्याच्या कॉलेजात याला फील्डवर्क म्हणतात आणि त्याचे मार्क असतात. त्यांना मार्क नव्हते, पण गावातल्या बाईशी बोलायचं कसं, ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे त्या तिथे शिकल्या असणार. 1893 मध्ये रानडे हायकोर्टाचे जज्ज झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाई हिंदू लेडीज सोशल क्लबच्या कामात पडल्या. बायकांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवण आणि हस्तकाम यांचे वर्ग सुरू झाले. भाषणांच्या जोडीला वर्ग ही त्यांची सवय इथून दिसते.

16 जानेवारी 1901 ला न्यायमूर्ती गेले. रमाबाईंना एकोणचाळीस पुरी व्हायला नऊ दिवस होते. मूल नव्हतं. त्या मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या वाड्यात आल्या आणि वर्षभर कुणाकडे गेल्या-आल्या नाहीत. त्या काळच्या ब्राह्मण विधवेने एवढ्यावरच आयुष्य काढावं अशी लोकांची अपेक्षा. पैशाची ददात नव्हती, घर होतं, नवऱ्याचं नाव मोठं होतं. पोथी वाचत बसल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं.

त्या बाहेर पडल्या, पण कुठलीही संस्था काढून नव्हे. आधी गेल्या तुरुंगात. मध्यवर्ती तुरुंगाच्या बायकांच्या विभागात नेमाने जायचं, कैदी बायकांशी बोलायचं. मग मुलांच्या सुधारशाळेत सणासुदीला खाऊ घेऊन जायचं. मग दवाखान्यात, रोग्यांना फळं, फुलं, वाचायला पुस्तकं द्यायची. आज आपल्या तालुक्यात वाढदिवसाला सरकारी दवाखान्यात बिस्किटपुडे वाटून फोटो पाठवणारे पुष्कळ आहेत (ते फोटो आमच्याकडेच येतात, म्हणून सांगतो). वरवर पाहिलं तर रमाबाईंची सुरुवात तशीच वाटेल. फरक एवढाच की त्या पुन्हा पुन्हा जात राहिल्या. आणि पुन्हा पुन्हा गेलेल्या माणसाला एक गोष्ट कळतेच, की फळं वाटल्याने रोग्याची रात्र सरत नाही. वॉर्डात ज्याची गरज आहे ते म्हणजे औषध वेळेवर देणारं, जखम धुणारं, ताप मोजणारं शिकलेलं माणूस. त्यातही बायकांच्या वॉर्डात शिकलेली बाईच हवी, कारण त्या काळी कित्येक घरच्या बायका पुरुषाला नाडीसुद्धा दाखवत नसत.

1904 मध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिच्यात रमाबाई पुढे होत्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोघांनी मुंबईत सेवासदन काढलं. एक पारशी, एक सिंधी. अध्यक्ष म्हणून त्यांनी रमाबाईंना बोलावलं. पुढच्या वर्षी, 1909 मध्ये, पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. जोडीला होते गोपाळ कृष्ण देवधर, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. गोखल्यांच्या समाजात नव्या सभासदाला आधी पाच वर्षं शिकावं लागे, मग देशसेवा. देवधर त्या शिस्तीत तयार झालेले. बाईंकडे नाव आणि घरोघरचा विश्वास, देवधरांकडे संघटना बांधायचं कसब. ही जोडी जमली नसती तर पुण्याचं सेवासदन एवढं वाढलं असतं का, शंका आहे.

सेवासदनात आधी आले ते साधे वर्ग. लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढ बायकांसाठी मराठी, मग इंग्रजी, शिवण, विणकाम, प्रथमोपचार, गाणं. दुपारी घरचं आवरून बायका येत. पुढे प्राथमिक शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज आलं, वसतिगृहं आली. बाई शिकली तर तिला पगाराचं काम मिळालं पाहिजे, हे गणित पहिल्यापासून पक्कं होतं. मी कॉमर्सचा माणूस, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सहानुभूती महिनाअखेर संपते, पगार पुन्हा येतो.

सर्वांत अवघड गेलं ते नर्सिंग. मास्तरीण होणं लोकांनी नाइलाजाने का होईना पचवलं. नर्स होणं म्हणजे परक्याच्या अंगाला हात लावणं, रक्त-पू काढणं, जातीबाहेरच्याचं सगळं करणं, रात्रीची ड्यूटी. चांगल्या घरची बाई असं करते का, हा प्रश्न होता. आणि ज्यांना या कामाची सगळ्यात गरज होती त्या कोण? तर केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या, माहेरी नाही नि सासरी नाही अशा तरुण विधवा. रमाबाईंनी त्यांनाच गाठलं. त्यांची नि त्यांच्या घरच्यांची समजूत घालून ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. राहायला सेवासदनचं वसतिगृह, वर देखरेख. बापाला किंवा दिराला आपली मुलगी कुठे झोपते, कुणाबरोबर जाते हे कळलं की निम्मा विरोध गळतो. हे व्याख्यानातून सुचत नाही, त्यासाठी त्या घरातून आलेलं असावं लागतं.

सेवासदनच्या एका वार्षिक संमेलनातला प्रसंग सांगितला जातो. बक्षीस समारंभ चालू होता, समोर कॉलेजातली तरुण मुलं. नाव पुकारलं आणि एक विधवा विद्यार्थिनी तिच्या त्या नेहमीच्या वेषात व्यासपीठावर बक्षीस घ्यायला आली. मुलांना हसू फुटलं, हुर्योही उठली. समारंभ संपला, आभार मानायला रमाबाई उभ्या राहिल्या, आणि आभार राहिले बाजूला. दुष्ट रूढीने आणि नशिबाने जिचं असं केलं तिच्याकडे बघून हसणाऱ्याला शिकलेला म्हणायचं तरी कसं, या अर्थाचं त्यांनी त्या पोरांना चांगलंच सुनावलं. म्हणतात, सभा एकदम गप्प झाली. ज्या बाईला पहिलं भाषण नवऱ्याने लिहून द्यावं लागलं होतं तिला आता कागद लागत नव्हता.

रमाबाईंच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्या बंडखोर नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला, समाज अंगावर घेतला. यांनी तसं काही केलं नाही. रूढी शक्य तितकी सांभाळूनच त्या वागल्या. त्यांच्या वर्गांत सुरुवातीला येणाऱ्या बायका बऱ्याचशा पुण्याच्या पांढरपेशा घरांतल्या होत्या. त्यांच्या साठ वर्षं आधी सावित्रीबाई फुल्यांनी त्याच पुण्यात शेणाचे गोळे झेलत शाळा चालवली, ते धाडस वेगळ्या जातीचं होतं. दोघींची तुलना करून एकीला लहान करण्यात मला रस नाही. पण रमाबाईंच्या मवाळपणाचा एक उपयोग झाला, की सनातनी घरांचे दरवाजे त्यांना बंद झाले नाहीत. शेवटी मुली त्याच घरांतून बाहेर काढायच्या होत्या.

1913 मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ होता, तेव्हा मदतीचं काम उभं करायला त्या तिकडे गेल्या. वय पन्नाशीपुढे. मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, बायकांना मत मिळावं, यासाठीही त्या 1920 नंतरच्या वर्षांत धडपडत होत्या.

आणि आळंदी. खानापूर, बेळगाव भागातले वारकरी कार्तिकीला तिकडे जातात, त्यांना ती गर्दी ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी यात्रेतल्या बायकांकडे बघणारं कोण होतं? कुणी हरवे, कुणी चेंगरे, कुणाला ताप भरे, आणि अडचण सांगायची ती पोलिसाला नाहीतर परक्या पुरुषाला. रमाबाई आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जाऊ लागल्या आणि यात्रेकरू बायकांच्या मदतीला उभ्या राहिल्या. वर्गात शिकलेला प्रथमोपचार इथे इंद्रायणीकाठी कामाला आला. यात्रेत बायकांसाठी बायकांनीच पथक करून राबायचं, ही तेव्हा नवी गोष्ट होती. अगदी शेवटच्या वर्षांपर्यंत, तब्येत साथ देत नसतानाही, त्यांनी ही फेरी चुकवली नाही.

1924 मध्ये रमाबाई गेल्या. लग्नाच्या बस्त्यासाठी आपल्याकडचे लोक अजूनही पुण्याच्या लक्ष्मी रोडला जातात. साड्यांच्या दुकानांच्या त्या रांगेतच सेवासदनची इमारत आहे.