ध्रुवसागराचा तळ शोधणारा नॅन्सेन

उत्तर ध्रुवाभोवतीच्या महासागराचा तळ म्हणजे पृथ्वीवरील एक अत्यंत एकाकी प्रदेश होय. वर बर्फाचे आच्छादन, त्याखाली हजारो मीटर काळोखे पाणी आणि सर्वांत खाली शून्य अंशाहूनही थंड असा चिखल. खारटपणामुळे ते पाणी गोठत नाही, एवढेच. अशा ठिकाणी जीव कसा तगावा? एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ च्या सुमारास असे मत मांडले होते की, तीनशे फॅदमांच्या, म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरांच्या, खाली सजीव सृष्टी नसावी. हे मत पुष्कळांस पटले. नॉर्वेतील मायकेल सार्स व त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी मात्र लोफोटेन बेटांजवळ त्याहूनही खोल पाण्यातून जिवंत प्राणी वर काढून दाखविले. या सार्स घराण्याची कन्या एव्हा हिच्याशी १८८९ साली ज्यांचा विवाह झाला, त्या फ्रिट्यॉफ नॅन्सेन यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

नॅन्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया शहराजवळ झाला. हेच शहर आज ऑस्लो या नावाने ओळखले जाते. वडील वकील होते. मुलगा मात्र रानात, बर्फावर, लाकडी स्की पायांस बांधून हिंडण्यात रमे. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले आणि १८८२ मध्ये सील माशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून ग्रीनलंडच्या समुद्राचा प्रवास केला. (सील हा खरोखरी मासा नव्हे, सस्तन प्राणी होय, पण आपल्या भाषेत तसा प्रघात पडला आहे.) त्याच वर्षी बर्गेन येथील वस्तुसंग्रहालयात त्यांस नोकरी मिळाली. तेथे सूक्ष्मदर्शकापुढे बसून समुद्रातील क्षुद्र प्राण्यांच्या मज्जातंतूंचा त्यांनी अभ्यास केला व १८८८ मध्ये डॉक्टरची पदवी मिळविली. लगेच त्याच वर्षी पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचा बर्फाळ अंतर्भाग स्कीवरून ओलांडला. तोपर्यंत हे कोणास साधले नव्हते.

‘जीनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८८१ साली सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. यावरून नॅन्सेन यांनी ताडले की, ध्रुवसागरातील बर्फ एका जागी स्थिर नसून सैबेरियाकडून ग्रीनलंडकडे वाहत असले पाहिजे. मग जहाज मुद्दाम त्या बर्फात गोठवून घ्यावे व बर्फासवे वाहत जावे! अनेक अनुभवी दर्यावर्दींस ही कल्पना वेडेपणाची वाटली. तरीही ‘फ्राम’ हे गोलसर बुडाचे, बर्फाच्या दाबाने वर उचलले जाईल असे जहाज बांधले गेले. जून १८९३ मध्ये तेरा माणसांनिशी ते निघाले आणि सप्टेंबरात बर्फात अडकले.

ध्रुवसागर उथळ असावा, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती, व नॅन्सेन यांचीही तीच होती. त्यामुळे फारशा लांबीचा मापदोर त्यांनी बरोबर घेतलाच नव्हता. पण जहाज जसजसे उत्तरेकडे सरकू लागले, तसतसा दोर पुरेना. तळ लागेना. अशा वेळी ‘खोली फार आहे’ एवढीच नोंद करून कोणी स्वस्थ बसला असता तर त्यास दोष देता आला नसता. नॅन्सेन यांनी जहाजावरील एक पोलादी दोरखंड उकलविला. कडाक्याच्या थंडीत माणसे बर्फावर लांबच लांब येरझारा घालीत एकेक पेड सुटा करीत व पुन्हा पिळीत राहिली. अशा रीतीने चार हजार मीटरांहून लांब दोर तयार झाला. तो तळास टेकला, तेव्हा खोली साडेतीन हजार मीटरांच्या आसपास व काही ठिकाणी त्याहूनही अधिक भरली. दोराबरोबर तळचा चिखलही वर आला. मधल्या थरांतील पाणी शून्य अंशाहून किंचित उबदार, तर त्याखालचे पुन्हा शून्याखालचे, हेही तेव्हाच कळले. तो चिखल पुढे डेन्मार्कमधील खनिजशास्त्रज्ञ बॉगिल्ड यांनी तपासला. १८९४ च्या उन्हाळ्यात बर्फावरील डबक्यांचे पाणीही नॅन्सेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात सूक्ष्म शैवाले व एकपेशीय जीव होते.

मार्च १८९५ मध्ये योहानसेन या एका सोबत्यासह ते कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले व ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचून परतले. ही शर्यत जगाने डोक्यावर घेतली. आमच्या मते मात्र त्या दोराची गोष्ट अधिक मोलाची आहे. परतीच्या वाटेवर दगड व वालरसची कातडी यांच्या झोपडीत अस्वलाचे मांस खाऊन दोघांनी हिवाळा काढला आणि ऑगस्ट १८९६ मध्ये ते नॉर्वेस पोहोचले. त्याच महिन्यात ‘फ्राम’ही स्पिट्सबर्गेन बेटाजवळ बर्फातून सुखरूप बाहेर पडले.

याच स्पिट्सबर्गेनच्या खाड्यांतील चिखलातून सुमारे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी शीतप्रिय जिवाणू वेगळे काढले. शून्य अंशावर वाढणारे जिवाणू असतात, हे फोर्स्टर यांनी १८८७ मध्येच माशांवरील जिवाणूंवरून दाखविले होते. परंतु हे तळचे रहिवासी विशेषच. १९९९ मध्ये वर्णिलेला ‘डीसल्फोटेलिया सायक्रोफिला’ उणे १.८ अंशावरही वाढतो. आपल्या वर्गातील उष्णतेत मात्र त्याची वाढ खुंटते. चिखलात थोड्या खोलीवर प्राणवायू नसतो, म्हणून तो समुद्राच्या पाण्यातील सल्फेटावर श्वसन चालवितो. उन्हाळ्यात वर वाढलेली शैवाले मरून तळाशी येतात, आणि त्यांवर या जिवाणूंच्या जगाची उपजीविका चालते. थंडीत खोबरेल थिजते, पण जवसाचे तेल वाहते राहते, हे आपण घरी पाहतो. शीतप्रिय जिवाणूंच्या पेशींच्या आवरणातील स्निग्धांश असेच न थिजणाऱ्या प्रकारचे असतात. त्यांची विकरेही सैल घडणीची असून थंडीत चपळ राहतात व उष्णतेने बिघडतात. या चिखलातील सेंद्रिय द्रव्य कुजण्याचे काम उबदार समुद्रांच्या तळाहून फारसे मंद नाही, असे मोजणीत आढळले आहे. स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ऑलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन-केंद्र आहे, आणि त्याचा कारभार पाहणारी संस्था आपल्या गोव्यात, वास्को येथे आहे.

नॅन्सेन १९०८ मध्ये सागरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ठरावीक खोलीवरचे पाणी बंद करून आणणारी त्यांची बाटली दीर्घकाळ जगभर वापरली गेली. ‘फ्राम’च्या प्रवासात बर्फ वाऱ्याच्या दिशेहून उजवीकडे सरकते, असे त्यांनी टिपले होते, त्यावरूनच एकमान यांनी सागरी प्रवाहांचा सिद्धान्त उभारला. १९०७ मध्ये एव्हा वारल्या. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने नॅन्सेन यांजवर युद्धकैद्यांस घरी पोहोचविण्याचे काम सोपविले आणि १९२० ते १९२२ या काळात चार लाखांहून अधिक कैदी परतले. ज्यांस कोणताही देश आपले म्हणेना, अशा निर्वासितांसाठी १९२२ मध्ये ‘नॅन्सेन पासपोर्ट’ निघाला. पुढे पन्नासाहून अधिक राष्ट्रांनी तो मान्य केला. त्याच वर्षी त्यांस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ते धन त्यांनी मदतकार्यातच लाविले.

१३ मे १९३० रोजी लिसाकर येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले व दहनानंतर त्यांच्या अस्थी त्याच घराच्या बागेत पुरण्यात आल्या. पोलादी दोराने ज्या सागराचा ठाव त्यांनी घेतला, त्याच्या तळावरील एका विस्तीर्ण खोलगट भागास आज नॅन्सेन द्रोणी म्हणतात.