पुराणवस्तुसंशोधक डॉ. ह. धी. सांकलिया

आम्ही इंदूरकर महेश्वरला जातो ते अहिल्याबाईंच्या घाटासाठी. घाटासमोर, नर्मदेच्या पैलतीरी नावडातोली आहे. तिथे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी १९५२-५३ आणि १९५७-५९ मध्ये पुणे व बडोदे येथील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, रंगीत भांडी, गहू-मसुराचे दाणे त्यातून उजेडात आले.

१९०८ साली मुंबईत गुजराती कुटुंबात जन्मलेले सांकलिया लंडनहून पीएच.डी. घेऊन परतले आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थी घडवू लागले. वस्तू शोधायच्या, त्यांचे वर्णन करायचे, काळ ठरवायचा, ही त्यांच्या पिढीची शिस्त होती. १९६० च्या दशकात परदेशातील तरुण अभ्यासकांनी नेमके तेच अपुरे ठरवले. माणसांचे जगणे का बदलले, हा प्रश्न आधी मांडा आणि मग खणा, असा त्यांचा आग्रह होता.

पद्मभूषण मिळालेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या सांकलियांना हे सहज झटकून टाकता आले असते. त्यांनी ते अभ्यासले आणि भारतात त्याचा कितपत उपयोग होईल, यावर १९७७ मध्ये पुस्तक लिहिले. १९८९ साली पुण्यात ते निवर्तले.

पुढच्या खेपेस महेश्वरला गेलो, की मुलांना पैलतीरही दाखवू या.