एकच नाव, दोन आयुष्ये: खान्देशातले शंकरराव देव नेमके कोणते?

धुळ्यातल्या जुन्या हस्तलिखितांचा विषय निघाला की शंकरराव देव हे नाव येते. जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर काँग्रेसच्या इतिहासातही तेच नाव आहे. पण ही माणसे दोन. एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ नये, म्हणून हा फरक समजून घेऊ.

धुळ्याचे देव कोण?

शंकर श्रीकृष्ण देव (१८७१-१९५८) पेशाने वकील. समर्थ रामदासांच्या वाङ्मयासाठी त्यांनी आयुष्य वेचले. १८९३ मध्ये त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. मठामठांत पडून असलेल्या पोथ्या त्यांनी गोळा केल्या. डोमगाव मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ मध्ये त्यांनी दासबोध छापला. आज हा संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रतही तिथेच आहे.

फैजपूरचे देव कोण?

शंकर दत्तात्रय देव हे गांधीवादी नेते, मुळशी सत्याग्रहातले कार्यकर्ते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ५० वे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, तर स्वागताध्यक्ष देव. पुढे ते काँग्रेसचे सरचिटणीस आणि संविधान सभेचे सदस्य झाले. १९५० मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत पुरुषोत्तमदास टंडन जिंकले. देव तिसरे आले.

१९४६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. आंदोलन पेटल्यावर मात्र पक्षाची शिस्त आणि मराठी जनमत यांच्यात त्यांची कोंडी झाली. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, तेव्हा नेतृत्व इतरांकडे गेले. देव सर्वोदयाच्या कामात रमले. १९६३ मध्ये दिल्ली-पेकिंग मैत्री यात्रेचे नेतृत्व त्यांनी केले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

गोंधळ का होतो?

फैजपूर अधिवेशनाच्या वेळी दोघेही हयात होते. एकाचे काम पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या धुळ्याकडे. दुसऱ्याचे नाव पूर्व खान्देशातल्या अधिवेशनाशी जोडलेले. लिहिताना मधले नाव गाळले की दोघे एक होतात. राजकारणातले देव देशभर माहीत असल्याने तोटा धुळ्याच्या देवांचा होतो.

कसे ओळखाल?

वडिलांचे नाव पाहा. श्रीकृष्ण असेल तर पोथ्या जपणारे देव, दत्तात्रय असेल तर काँग्रेसचे. मधले नाव नसेल तर संदर्भ बघा: मठ आणि दासबोध की अधिवेशन आणि सत्याग्रह? शाळेचा प्रकल्प असो वा स्मरणिका, पूर्ण नाव लिहिले तर दोघांचेही काम ज्याचे त्याच्या नावावर राहील.