पंडिता रमाबाई आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव ऐकिले नाही असा मराठी वाचक विरळा. विदुषी, विधवांची कैवारी, दुष्काळपीडित मुलींची माता, पवित्र शास्त्राची भाषांतरकर्ती, अशा नाना नात्यांनी त्यांची चरित्रे लिहिली गेली आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यात एक धागा आरंभापासून अखेरपर्यंत गेलेला आहे, त्याकडे चरित्रकारांचे लक्ष क्वचितच जाते. बाप्तिस्म्याने मनुष्याचे तारण होते काय, आणि ज्यास आपले नावही धड सांगता येत नाही अशा लेकरास तो द्यावा काय, हा तो प्रश्न होय. आपल्या बीड जिल्ह्यात एकाच आळीत दोन मंडळ्यांची कुटुंबे राहत असली, आणि एका घरच्या तान्ह्या मुलास उपासनामंदिरात पाणी शिंपडून नाव दिले असता शेजारच्या घरी त्यास बाप्तिस्माच म्हणत नसले, म्हणजे हा वाद केवळ पंडितांचा नव्हे हे कोणाच्याही ध्यानात येईल. तो सोयरिकीच्या बोलण्यातही डोके वर काढतो आणि मूल दगावलेल्या घरी तर फार दुःख देतो. रमाबाईंनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिला नाही. त्या तो जगल्या.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि मातेने ते कन्येस दिले. तीर्थयात्रा, पुराणकथन आणि शेवटी दुष्काळ, यांत आईबाप गेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह रमाबाई पायी हिंदुस्थान फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की, ज्या मुलीचे बालपण एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थी स्नान करीत गेले, तिला पाण्याने पाप धुतले जाते की नाही हा प्रश्न काही नवा नव्हता.

बंधूच्या मृत्यूनंतर १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला आणि त्या आसामात सिल्चर येथे राहू लागल्या. १६ एप्रिल १८८१ रोजी तेथे मनोरमेचा जन्म झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत बाईंच्या हाती लागली आणि ॲलन नावाचे एक मिशनरी घरी येऊन त्यांस उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ सांगू लागले. हे गृहस्थ बॅप्टिस्ट मंडळीचे होते. ज्या मंडळीत बालकांस बाप्तिस्मा देत नाहीत, जो मनुष्य स्वतः विश्वास कबूल करील त्यासच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, तिच्याच एका सेवकाने रमाबाईंस पहिला ख्रिस्ती पाठ दिला. पत्नीने उघडपणे बाप्तिस्मा घेऊन त्या काळी तुच्छ मानिलेल्या ख्रिस्ती समाजात जावे हे मेधावींस मुळीच रुचले नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने त्यांचा अंत झाला आणि बाई लहानग्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या.

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना झाली. त्याच सुमारास नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्याशी त्यांचा धर्मविचार सुरू झाला. गोऱ्हे स्वतः काशीचे शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. शास्त्र्याची शंका शास्त्र्यास कळे. १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने बाई विलायतेस निघाल्या आणि वाँटेज गावी संत मरियेच्या भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी, त्याच पाण्याने, मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. माता पंचवीस वर्षांची, षड्दर्शने व उपनिषदे चाळून आलेली. कन्या अडीच वर्षांचीही पुरती नव्हती.

आता या ठिकाणी थोडे मागे जाऊन मूळ वादच पाहिला पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांत लुदिया व फिलिप्पै येथील बंदिशाळेचा अधिकारी यांचा घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा झाल्याचे सांगितले आहे. घरात लेकरे असतीलच, असे एक पक्ष म्हणतो. लेकरांचा उल्लेख कोठे आहे, असे दुसरा विचारतो. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुल्य याने बालकांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असा सल्ला दिला. याचाच अर्थ असा की, तेव्हा तो दिला जात होता. पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी औगुस्तीन याने पेलाग्याशी वाद करिताना असे प्रतिपादिले की, आदामाच्या पापाचा वारसा घेऊनच मूल जन्मते व बाप्तिस्म्यावाचून त्याची सुटका नाही. मेलेल्या तान्ह्या बाळांविषयी यातून निघणारा निष्कर्ष किती कठोर आहे, हे मातांस सांगावयास नको. १५२५ च्या जानेवारीत झुरिक येथे काही तरुणांनी बालपणीचा बाप्तिस्मा फोल मानून एकमेकांस पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांच्या आत त्यांपैकी फेलिक्स मान्झ यास नगरसभेने नदीत बुडवून मारिले. पाण्याच्या वादात पाण्याचीच शिक्षा! ख्रिस्ती इतिहासातील हे पान कोणत्याही पक्षाने अभिमानाने वाचावे असे नाही.

आपल्या महाराष्ट्रातील मिशनचा इतिहासही या वादाच्या कडेने गेलेला आहे. १८१२ साली अमेरिकेहून जे पहिले मिशनरी निघाले, त्यांत ॲडोनिराम जडसन हे होते. जहाजावर शास्त्राचा अभ्यास करिता करिता बालबाप्तिस्म्यावरील त्यांचा विश्वास उडाला. त्यांनी कलकत्त्यास पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि ते ब्रह्मदेशास गेले. बालबाप्तिस्मा मानणारे त्यांचे सोबती गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. एका समुद्रप्रवासातील मतभेदाने कोणत्या भाषेस कोणता उपदेशक मिळावा हे ठरून गेले!

असो. वाँटेजच्या भगिनी ज्या परंपरेच्या होत्या, तीत बाप्तिस्म्याचे माहात्म्य फार मोठे. इंग्लंडच्या मंडळीचे प्रार्थनापुस्तक असे की, बालकाचा बाप्तिस्मा झाल्यावर हे लेकरू आता नव्याने जन्मले आहे असे आचार्याने म्हणावयाचे. हे बोल अक्षरशः घ्यावे की आशेचे म्हणून घ्यावे, यावर त्या मंडळीत मोठे भांडण झाले होते. एक्सेटरच्या बिशपांनी गोरहॅम नावाच्या आचार्यास एवढ्यासाठीच एका गावची वृत्ती नाकारिली की, प्रत्येक बालक बाप्तिस्म्याने निरपवाद नवा जन्म पावते असे तो मानीत नव्हता. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८५० साली निकाल गोरहॅमच्या बाजूने लागला. पुष्कळ आचार्यांनी या निकालाचा निषेध केला.

अशा घरात रमाबाई धर्मकन्या झाल्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांस प्रेमाने आजीबाई म्हणत. परंतु बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आतच या आजीबाईंशी पत्रांतून तीव्र वाद सुरू झाला. बाई तेव्हा चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात होत्या व मनोरमा पुष्कळ काळ वाँटेज येथे भगिनींजवळ असे. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चमत्कार यांपैकी एकेक सिद्धान्त बाई तपासून पाहू लागल्या. आपण ख्रिस्ताच्या आज्ञेवरून बाप्तिस्मा घेतला, कोण्या एका पंथाची सर्व मते पत्करण्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडविल्यावर दुसऱ्याचे जू घेण्यास त्या तयार नव्हत्या. भगिनींस हे कृतघ्नपणाचे व अहंकाराचे वाटले. त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे: विश्वास कबूल करून ज्या स्त्रीने बाप्तिस्मा घेतला, तीच आता त्या विश्वासाचे खांब हलवून पाहत होती.

या वादात सर्वांत नाजूक विषय मनोरमेचा होता. मुलीस न समजणारे गूढ सिद्धान्त तिच्या तोंडी घालू नयेत, असा आईचा आग्रह. मूल बाप्तिस्म्याने ख्रिस्ताच्या मंडळीचे झालेले आहे, तेव्हा मंडळीचे शिक्षण हा त्याचा हक्कच होय, आईच्या चंचल मतांपायी तो बुडू नये, असा भगिनींचा पक्ष. बालबाप्तिस्म्याच्या वादाचे मर्म याहून स्पष्ट कोठे दिसावे? बाप्तिस्मा झालेले बालक कोणाचे, आईचे की मंडळीचे? आणि जे वचन धर्मपालकांनी त्याच्या वतीने दिले, ते पुढे त्याच्याकडून कोणी वसूल करावे? १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी बाई अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांनी मनोरमेस बरोबर नेले. भगिनींशी स्नेह मात्र त्यांनी तोडिला नाही. पुढेही पत्रे चालू राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. आणि येथे, बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटल्यावर, त्यांच्या आयुष्यातील खरे वळण आले. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज आचार्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे आचार्यपण करीत होता. बालपणी बाप्तिस्मा, पुढे दीक्षा, सर्व काही यथासांग. परंतु एका स्नेह्याने त्यास तोंडावर सांगितले की, तुझे अजून परिवर्तनच झालेले नाही. १८५१ च्या ऑक्टोबरात एका रविवारी व्यासपीठावर उपदेश करिता करिता त्याच्याच अंतःकरणात प्रकाश पडला, आणि श्रोत्यांतील एकाने उभे राहून आचार्याचे परिवर्तन झाले म्हणून आनंदाने आरोळी ठोकिली. गोरहॅमचा वाद ज्या धर्मप्रांतात पेटला, त्याच धर्मप्रांतातील ही गोष्ट.

रमाबाईंनी हे वाचले आणि स्वतःकडे पाहिले. पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोच लिहून ठेविले की, पश्चात्ताप आणि पाप सोडण्याचा निश्चय एवढ्याने क्षमा होते, बाप्तिस्म्याचा विधी हेच नव्या जन्माचे साधन आहे व त्या विधीने आपली पापे धुतली गेली, असे आपण तोवर धरून चाललो होतो. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्या कबुलीचा आशय. हे सांगावयास धैर्य पाहिजे; कारण ज्या बाप्तिस्म्यापायी त्यांनी पुण्यातील मानसन्मान गमावला, त्याच बाप्तिस्म्याविषयी त्या असे बोलत होत्या.

बालबाप्तिस्म्याचे विरोधक हे उदाहरण आपल्या बाजूचे समजतात. परंतु नीट पाहता ते त्यांच्याही उपयोगी पडत नाही, असे माझे मत आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा तान्ह्या वयातला नव्हता. समजून उमजून, विचार करून, जाहीर कबुलीने तो घेतलेला होता. तरीही त्या शोधीत होत्या ते त्यांस त्या दिवशी लाभले नाही. उलट मनोरमेकडे पाहावे. तिला त्या दिवशीचे काही स्मरणेही शक्य नव्हते. तिने इंग्लंड व अमेरिका येथे शिक्षण घेतले आणि परत येऊन सारा जन्म आईच्या कार्यात घातला. ती शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली, आणि १९१३ च्या सुमारास तिने गुलबर्गा येथे मुलींसाठी शाळा काढिली. गुलबर्गा त्या काळी आपल्या बीडप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते, आणि स्त्रीशिक्षणाची तेथील वाण काय सांगावी! समजून घेतलेला बाप्तिस्मा आठ वर्षे कोरडा वाटला. न समजता मिळालेला बाप्तिस्मा सेवेच्या आड आला नाही. दोन्ही पक्षांनी या मायलेकींपुढे क्षणभर थांबावे.

१८९६-९७ च्या व पुढे १९०० च्या दुष्काळात बाईंनी शेकडो निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणिल्या. हे सदन त्यांनी कोणत्याही एका पंथास जोडिले नाही. तेथील पुष्कळ मुलींचा बाप्तिस्मा भीमा नदीच्या पात्रात झाला. १९०५ च्या जूनअखेर तेथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रात्री-रात्री प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. तेव्हा बाप्तिस्मा या शब्दास तेथे आणखी एक अर्थ आला, तो पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा. सदनातील अमेरिकन सेविका मिनी अब्राम्स यांनी त्याविषयी पुस्तकच लिहिले. पाण्याविषयी एकेकाळी ज्यांनी इतका वाद केला, त्या बाईंनी आता विधीच्या रीतीवरून भांडण मांडिल्याचे दिसत नाही. त्या मुलींस एवढेच विचारीत राहिल्या की, अंतःकरणात काय घडले आहे.

उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर चालविले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बायकांस कळत नाही, हे शल्य त्या संस्कृत पंडितेस होते. कान जवळजवळ गेले होते, प्रकृती खालावली होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली, तेव्हा ती अवघी चाळीस वर्षांची होती. आईने काम थांबविले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी केडगाव येथे देह ठेविला, आणि ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापून निघाला. निकदेमाशी झालेले नव्या जन्माचे संभाषण आणि लुदियेच्या घरच्यांचा बाप्तिस्मा, ज्या स्थळांवर दोन्ही पक्ष आजही बोट ठेवितात, ती त्या ग्रंथात आहेत, खेड्यातील बाईस वाचता यावी अशा मराठीत.