मुलांचा सवंगडी : संत डॉन बॉस्को



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की चर्चच्या बालमंडळात मुलांसाठी काय ठेवायचे हा विषय निघतो. कुणी चित्रकला सुचवतो, कुणी गायन, तर कुणी अगदी चिमुकल्यांसाठी खेळण्यातल्या मोटारींच्या शर्यती. शर्यतीचे नाव काढले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. चर्च हे प्रार्थनेचे ठिकाण, तिथे गाड्यागाड्यांचा खेळ कशाला, असे त्यांना वाटते. ही शंका नवी नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इटलीतील तुरीन शहरात एका तरुण धर्मगुरूला हीच शंका वारंवार ऐकावी लागली आणि मुलांच्या गोंगाटापायी जागोजागी बिऱ्हाड हलवावे लागले. त्या धर्मगुरूचे, म्हणजे संत जॉन बॉस्को यांचे, जीवन आज आपण थोडक्यात पाहू या. इटलीत धर्मगुरूच्या नावामागे आदराने ‘डॉन’ लावतात, म्हणून जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिमाँत प्रांतातील बेक्की या वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८१७ साली, वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. आई मार्गारेट हिने मोठ्या हिमतीने घर सांभाळले. घरात म्हातारी सासू, सावत्र मुलगा अँथनी आणि पोटची दोन मुले, जोसेफ व जॉन. माऊली निरक्षर होती, पण मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षणाचे पहिले धडे तिनेच दिले.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. मोकळ्या जागेत पुष्कळ मुले खेळत होती, त्यांतली काही शिव्याशाप देत होती. जॉन त्यांच्यावर ठोसे घेऊन धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि ही मुले मारून नव्हे, मायेने जिंकायची आहेत असे समजावले. हे स्वप्न त्याला जन्मभर पुरले.

मुले मायेने जिंकायची म्हणजे काय करायचे? जॉनने आपल्या बालबुद्धीने मार्ग शोधला. जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे आणि जादूगारांचे खेळ तो बारकाईने पाही आणि घरी येऊन त्यांचा सराव करी. मग सुट्टीच्या दिवशी दोन झाडांना दोर बांधून तो त्यावरून चाले, कोलांट्या मारी, हातचलाखी दाखवी. शेजारपाजारची लहानथोर मंडळी जमत. तिकीट एकच होते. खेळाआधी जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे!

शिक्षणाची वाट मात्र खडतर होती. शेतकऱ्याच्या पोराला पुस्तके कशाला, असे अँथनीला वाटे. घरातील कटकट टाळण्यासाठी जॉनला कोवळ्या वयात दुसऱ्यांच्या शेतावर चाकरी करावी लागली. १८३१ साली तो किएरी गावच्या शाळेत दाखल झाला. तिथे पडेल ते काम करून त्याने शिक्षण घेतले आणि सोबत्यांचे एक आनंदी मंडळ काढले. कुणी उदास राहायचे नाही आणि ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही, असे त्याचे साधे नियम होते.

याच गावात एक कसरतपटू आला. त्याच्या खेळांमुळे मुले रविवारी चर्चला येईनाशी झाली. जॉनने त्याच्याशी पैज लावली. पहिली पैज गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावण्याची होती. ती जॉनने जिंकली. मग पाण्याच्या पाटावरून उडी, काठीचा तोल आणि शेवटी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढाई. चारही वेळा जॉन जिंकला आणि त्या माणसाचे २४० लिरा गेले. तो पुरता हवालदिल झाला. तेव्हा मुलांनी ठरवले की त्याने सर्वांना एक जेवण द्यावे आणि उरलेले पैसे परत घ्यावेत. तसेच झाले. शर्यत जिंकायची, पण हरलेल्याला उघड्यावर सोडायचे नाही, ही रीत जॉनने तेव्हाच धरली होती.

५ जून १८४१ रोजी तुरीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कारखान्यांमुळे हे शहर वाढत होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले गवंडीकाम आणि हमाली करीत. त्यांचे मायेचे कुणी नसे. फादर जोसेफ कफास्सो यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले. तिथे कोवळी पोरे गजाआड पाहून त्यांचे काळीज हलले. यातली कितीतरी मुले सुटून पुन्हा तिथेच येत, कारण बाहेर त्यांना विचारणारे कुणी नव्हते. बाहेर एखादा मित्र मिळाला असता तर ती वाचली असती, या विचाराने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

८ डिसेंबर १८४१, निष्कलंक मरिया मातेचा सण. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्सेची तयारी करीत होते. बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा अनाथ मुलगा आत डोकावला. त्याला मिस्सेला सेवा करता येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने त्याला मारून पिटाळले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले, त्याची विचारपूस केली आणि मिस्सेनंतर त्याला धर्मशिक्षणाचा पहिला पाठ दिला. पुढच्या रविवारी तो सोबत्यांना घेऊन आला. अशी त्यांच्या ‘ओरेटरी’ची सुरुवात झाली. ओरेटरी म्हणजे आजच्या भाषेत चर्चचे बालमंडळच. मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार, धर्मशिक्षण आणि मग दिवसभर खेळ. सोळाव्या शतकात रोम शहरात संत फिलिप नेरी यांनी असाच उपक्रम चालवला होता.

मुले शेकड्यांनी येऊ लागली आणि अडचणीही वाढल्या. गिरणीच्या परिसरात जागा मिळाली, तेथे गोंगाटाची तक्रार झाली. दफनभूमीजवळच्या चर्चमध्ये गेले, तेथूनही निघावे लागले. भाड्याच्या खोल्या सोडाव्या लागल्या, उघडे कुरणही सोडावे लागले. एवढी पोरे जमवून हा धर्मगुरू काही बंड तर करणार नाही ना, असा संशय शहराच्या अधिकाऱ्यांना आला. त्यांचे डोके फिरले आहे असे समजून दोन धर्मगुरू त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला घोडागाडी घेऊन आले. डॉन बॉस्को यांनी त्या दोघांनाच आधी गाडीत बसवले आणि गाडी हाकारायला लावली! अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को भागातील पिनार्दी यांच्या शेडमध्ये मुलांना कायमची जागा मिळाली.

त्याच वर्षी ते आजारातून उठल्यावर आई मार्गारेट गाव सोडून तुरीनला आली आणि या पोरांची आई झाली. तिने कष्टाने भाजीचा मळा केला. एकदा मुलांनी लढाईचा खेळ मांडला आणि धावपळीत सारा मळा तुडवला गेला. म्हातारीचा धीर सुटला. आपण गावी परत जातो, असे तिने मुलाला सांगितले. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखवले. आईला समजले. १८५६ साली मरेपर्यंत ती तिथेच राबली. मुलांच्या खेळाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हे या घरात सर्वांना ठाऊक होते.

पुढे तिथे वसतिगृह, कारागिरीचे वर्ग आणि शाळा उभ्या राहिल्या. १८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संस्थेचा पाया घातला गेला. १८७२ साली संत मरिया मझ्झारेल्लो यांच्या साथीने मुलींसाठी सिस्टरांची संस्था निघाली आणि १८७५ साली पहिले मिशनरी अर्जेंटिनाला गेले. १८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. तिचा आधार होता विवेक, धर्म आणि माया. मुलांना उड्या मारायला, धावायला, हवा तेवढा आवाज करायला मोकळीक द्यावी, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले.

परंतु त्यांचा सर्वांत मोलाचा उपदेश १८८४ सालचा आहे. त्या वर्षी १० मे रोजी रोमहून त्यांनी आपल्या घरच्या मंडळींना एक पत्र पाठवले. त्यात दोन मैदानांचे वर्णन आहे. जुन्या मैदानात धर्मगुरू मुलांबरोबर धावत होते आणि सगळीकडे आनंद होता. नव्या मैदानात मुले कोपऱ्यात रेंगाळत होती आणि मोठी माणसे आपापसांत गप्पा मारत होती. मैदानातल्या या दुराव्यामुळेच मुले संस्कारांकडेही थंडपणे येऊ लागली, असे त्यांचे निदान होते. मुलांना जे आवडते ते मोठ्यांनी आवडून घेतले, तर मोठ्यांना जे हवे ते मुले आपखुशीने करतील, हा त्या पत्राचा गाभा. खेळ हे मुलांना चर्चमध्ये ओढण्याचे आमिष नव्हते. मुलाची ओळख तिथेच होत होती.

३१ जानेवारी १८८८ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी, डॉन बॉस्को देवाघरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुन्हा ईस्टरच्याच दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात सालेशियन १९०६ साली तंजावरला आले. माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय तर आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे.

आता पुन्हा आपल्या मोटारींच्या शर्यतीकडे वळू या. १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डॉन मर्फी यांनी मुलांनी पालकांसोबत लाकडाच्या लहान मोटारी बनवून उतरत्या फळीवरून सोडण्याची शर्यत सुरू केली. पुढे चर्चच्या बालमंडळांनीही तो खेळ उचलला. आपल्यालाही तो अवघड नाही. गुळगुळीत फळीचे एक टोक बाकावर टेकवावे, मधे पट्ट्या ठोकून वाटा कराव्यात. पण डॉन बॉस्को यांची रीत ठेवायची, तर दुकानातली महागडी मोटार आणणारा आणि काहीच न आणणारा असा भेद नको. सर्वांनी चर्चच्या अंगणातच काड्यापेटी आणि बाटलीच्या बुचांची मोटार बनवावी. हरला की बाहेर, असेही नको. पाच-सहा वर्षांचे मूल एका फेरीत बाद झाले तर उरलेला वेळ रडत बसेल. प्रत्येक मोटार प्रत्येक वाटेवरून एकेकदा सोडावी, म्हणजे एखादी वाट खडबडीत असली तरी अन्याय होत नाही आणि सर्वांना सारखे खेळायला मिळते. मोठ्या मुलांनी चिमुकल्यांची चाके दुरुस्त करून द्यावीत.

आणि आपण मोठ्यांनी? मुलांना फाटकाशी सोडून परत जाऊ नये. एक तासभर फळीच्या टोकाशी गुडघे टेकून बसावे आणि शेवटी आलेल्या मोटारीच्या मालकाचे नाव विचारावे. पुढच्या रविवारी मिस्सेला तो दिसला, तर त्याला नावाने हाक मारता येईल. संत डॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती करा.